हापशाचा रंग

"लाल रंग फोटोत वाईट दिसतो, मॅडम," केळुसकर म्हणाला. "एकदम डेंजर वाटतं."

"डेंजरच आहे," मी म्हटलं. "म्हणूनच लावलाय."

तोवर त्याच्या माणसानं हापशाच्या दांड्यावर निळ्या रंगाचा पहिला हात मारलाही होता. निळा म्हणजे त्यांच्या प्रकल्पाचा रंग. बॅनर निळा, टोप्या निळ्या, माहितीपत्रकं निळी. सावरडोहच्या चौकात सकाळी नऊ वाजता मांडव पडला होता आणि बायका लांबून बघत उभ्या होत्या.

सतरा वर्षं झाली याला. मी तेव्हा जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत रसायनी होते. तो हापसा लाल केला होता तो मीच, स्वतःच्या हातानं, चार वर्षं आधी. त्याचं पाणी दिसायला नितळ, चवीला गोड, आणि पोटात फ्लोराइड लिटरमागं साडेपाच मिलिग्रॅम. दीडच्या वर गेलं की पाणी पिण्याच्या लायकीचं नसतं. उकळा, गाळा, तुरटी फिरवा, ते जात नाही. लहान मुलांचे दात येतानाच डागाळतात, आणि वर्षानुवर्षं प्यालं की मोठ्यांच्या पाठी वाकतात त्या वाकतातच. या गावात चाळिशीतली माणसं काठी घेऊन चालत होती.

असं पाणी सापडलं की आम्ही हापशाला लाल रंग द्यायचो. लाल म्हणजे धुण्याभांड्याला घ्या, पिऊ नका. हे गावाच्या गळी उतरवायला मला सहा महिने लागले. पाणी दारात असताना नाल्यापलीकडच्या विहिरीवर दीड किलोमीटर कोण जाणार? मी दर पंधरवड्याला जायची, बायकांशी भांडायची, त्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यायची, तो चहाही विहिरीच्या पाण्याचा आहे ना हे विचारूनच. सगळ्यांत जास्त भांडली ती सायत्राबाई. पन्नाशीची, बोलायला तिखट, नवऱ्याची पाठ याच पाण्यानं गेलेली. पण एकदा पटलं म्हटल्यावर तिनंच सगळ्या आळीला विहिरीच्या वाटेला लावलं. "गेडामबाईनं लाल लावला ना, मंग त्या पान्यात बोट नाई बुडवाचं," असं ती सांगायची.

आणि आता हा पोरगा निळा रंग मारत होता.

केळुसकर पुण्याहून आला होता. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. सगळ्यांना अहो-जाहो करायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. त्याच्या संस्थेला सरकारनं काम दिलं होतं: 'नॅनो तंत्रज्ञान आणि ग्रामीण जनसंवाद'. त्यात एक अहवाल आधीच झाला होता, लोकांना नॅनोबद्दल काय वाटतं याचा. दुसरा चालू होता, लोकांना काय वाटायला हवं याचा. तिसरा व्हायचा होता, आधीच्या दोघांचा काय परिणाम झाला याचा. माझ्या प्रयोगशाळेत फ्लोराइड मोजायच्या यंत्राचा इलेक्ट्रोड तीन वर्षं बंद पडला होता. हातभर लांबीचीसुद्धा वस्तू नाही ती. चार वेळा मागणी केली आणि चारही वेळा 'निधी उपलब्ध नाही' असा शेरा आला.

"फिल्टर कुठंय?" मी विचारलं.

त्यानं टेम्पोकडं हात केला. दोन माणसांनी एक चकचकीत नळकांडं उतरवलं, माझ्या कमरेइतकं उंच, निळं, वर पारदर्शक खिडकी आणि खाली तोटी. हापशाच्या तोंडाला ते जोडलं की असं वाटावं, पाणी यातूनच येतंय.

मी खिडकीतून आत पाहिलं. "यात काही नाही."

"ही प्रतिकृती आहे, मॅडम. खऱ्या फिल्टरवर संशोधन चालू आहे. तो टप्पा तीनमध्ये. आधी लोकांची मानसिकता तयार करायची."

"लोकांची मानसिकता तयारच आहे. त्यांना पाणी पाहिजे."

"बोर्डवर लिहिलंय की प्रतिकृती आहे म्हणून."

लिहिलं होतं खरं. बोर्डच्या तळाशी, बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मी तसं म्हटलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "हे छान आहे, मी अहवालात घेऊ का?"

मांडवात प्रश्नावली भरणं सुरू होतं. निळ्या टोपीतली एक मुलगी सायत्राबाईसमोर कागद घेऊन बसली होती. "नॅनो हा शब्द ऐकल्यावर तुम्हाला काय वाटतं? उत्साह, कुतूहल, भीती, की सांगता येत नाही?"

"पानी कवा येईन थे लिव," सायत्राबाई म्हणाली.

मुलीनं 'उत्साह'वर खूण केली. मी डोळ्यांनी पाहिली.

तेवढ्यात नंदनवार साहेब आले, आमचे कार्यालयप्रमुख. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, साहेब, हे बंद करा, हापसा लाल राहू द्या, लोकांचा घोटाळा होईल.

"गेडामबाई, तुमची प्रत्येक गोष्टीत माशी शिंकते," ते म्हणाले. "एक दिवसाचा कार्यक्रम आहे. वरून माणसं आलीत. हे पार पडू द्या नीट. मी बोललोय त्यांच्याशी, तुमचा इलेक्ट्रोड या प्रकल्पातूनच बसवून घेऊ."

मी गप्प बसले.

त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो. तीन वर्षं मी त्या एका वस्तूसाठी कागद घासत होते. मला वाटलं, एक दिवस तोंड बंद ठेवलं तर पाच तालुक्यांचं पाणी नीट मोजता येईल. माझा हिशेब चुकीचा नव्हता. फक्त ज्यांच्या भरवशावर केला ती माणसं चुकीची होती.

दुपारी भाषणं झाली. एका साहेबांनी सांगितलं की नॅनो म्हणजे केसाच्या जाडीचाही लाखावा हिस्सा. सायत्राबाईनं शेजारणीला विचारलं, "मंग थो दिसते कसा यायले?" मग केळुसकर माझ्याकडं आला. त्याच्या हातात काचेचा ग्लास होता.

"मॅडम, पहिला ग्लास तुम्ही द्या. गावाचा तुमच्यावर विश्वास आहे."

"तोटीतून काय येणार?"

"आत छोटी टाकी बसवलीय. सीलबंद बाटल्यांचं पाणी भरलंय. एकदम सेफ. प्रतीकात्मक आहे हो सगळं."

"आणि नंतर हापसा परत लाल करणार?"

"संध्याकाळपर्यंत. माणूस थांबतोय त्यासाठीच. शब्द देतो."

सायत्राबाईची नात आचल तेव्हा दीड वर्षाची होती. काजळाची तीट, हातात काळे मणी, आजीच्या कडेवर. कुणीतरी हापसा हाणला, मी तोटी उघडली, ग्लास भरला आणि त्या लेकराच्या ओठाला लावला. तिनं दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि घटाघट प्याली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरे वाजले. सायत्राबाईनं माझ्याकडं पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, उन्हानं असतील.

चारला जीप निघाली. रंगाचा माणूस बिडी ओढत बसला होता, डबा शेजारी. मी जीपमधून ओरडून सांगितलं, "लाल लाव रे बाबा, विसरू नको." त्यानं मान हलवली.

पुढचे अकरा महिने मी सावरडोहला गेले नाही. प्रयोगशाळेची एकुलती एक जीप प्रकल्पाच्या कामाला लावली, मूल्यमापनाला, आणि माझे दौरे बंद झाले. लाल हापशाचे नमुने तसेही कुणी पाठवत नाही. जे पाणी कुणी पीत नाही ते तपासायचं कशाला? इलेक्ट्रोडबद्दल विचारलं की नंदनवार साहेब म्हणायचे, प्रस्ताव वर गेलाय. ऑक्टोबरात तिसरा अहवाल छापून आला. जाडजूड, गुळगुळीत कागद, उचलायला दोन हात लागावेत असा. मुखपृष्ठावर आचल होती. दोन्ही हातांत ग्लास, मागं निळा हापसा, आणि ग्लासाखाली एक हात. तो माझा हात होता.

मी चाळायला लागले. एकशे बाराव्या पानावर आणखी एक फोटो होता, 'कार्यक्रमानंतर आठ महिन्यांनी' असा. त्यात तोच हापसा, निळाच, आणि समोर बायकांची रांग, कळश्या घेऊन. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'वर्तनबदल. सत्त्याऐंशी टक्के कुटुंबांनी दूरचा पारंपरिक जलस्रोत सोडून प्रकल्पस्थळी पाणी भरण्यास सुरुवात केली आहे.'

मी ते वाक्य तीनदा वाचलं. कुणीतरी तिथं गेलं होतं, उभं राहिलं होतं, बायका विष भरताना बघितल्या होत्या, टक्केवारी काढली होती आणि त्याला यश म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी किरकोळ रजा टाकली, पिशवीत तपासणीचा जुना संच आणि एक पाना घेतला आणि सकाळची एसटी धरली.

सायत्राबाई हापशावरच होती. कळशी भरत होती. नळकांडं अजून तसंच जोडलेलं होतं, कुणीतरी त्याला हळदकुंकू लावलं होतं आणि तोटीला झेंडूची वाळकी माळ होती. मला बघून तिचं तोंड फुललं.

"या बाई, लय दिसांनी. चहा ठेवतो, आता तं पानी दारातच हाय."

"सायत्राबाई, कधीपासून पिता हे?"

"कवापासून म्हन्जे? तुमी पाजलं तवापासून."

"अहो, याला लाल रंग परत लावायचा होता. त्या माणसानं लावला नाही?"

"थो तं तुमच्या मांगच गेला गाडीत बसून. लाल कायले लावाचा? पानी तं चांगलं झालं ना मशीननं."

मी पाना काढला. नळकांड्याचे चारही बोल्ट काढले. बायका गोळा झाल्या. झाकण उघडलं आणि मी त्यांना आत बघायला सांगितलं. आत प्लास्टिकची रिकामी टाकी होती, पाच लिटरची, तळाला शेवाळ धरलेली. हापशाचं पाणी शेजारच्या नळीतून सरळ तोटीला येत होतं. गाळायला आत चिंधीसुद्धा नव्हती.

मी ओट्यावर दोन परीक्षानळ्या ठेवल्या. एकीत सायत्राबाईच्या घरच्या जुन्या माठातलं पाणी, म्हणजे नाल्यापलीकडच्या विहिरीचं. घरात बसून असलेला तिचा नवरा एकटाच अजून तेच पीत होता, मशीनवर त्याचा भरवसा बसला नव्हता. दुसरीत हापशाचं. दोन्हींत औषधाचे थेंब टाकले. पहिली गुलाबी राहिली. दुसरी बघता बघता पिवळी पडली. यांना हे माहीत होतं, पाच वर्षांपूर्वी मीच दाखवलं होतं. पिवळं म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही.

सायत्राबाईनं कळशी उचलली आणि पाणी मोरीत ओतलं. सगळं ओतून झाल्यावर बोलली. ओरडली नाही.

"थे लोकं तं परके व्हते. त्यायच्यावर कोन इस्वास ठेवते? तू व्हती ना थ्या दिवशी. तू लाल लावनारी. तुह्या हातानं पाजलं तू माह्या नातीले."

तोवर ती मला तुमी म्हणायची. त्या दिवसापासून तू म्हणायला लागली, आणि ते बरोबरच आहे.

"ते पाणी बाटलीचं होतं," मी म्हटलं. "त्या ग्लासातलं."

"मंग थे तवाच काहून नाई सांगतलं?"

इलेक्ट्रोड, पाच तालुके, नंदनवार साहेबांचा शब्द, हे सगळं त्या ओट्यावर उभं राहून कोणत्या तोंडानं सांगायचं? मी खाली बसले आणि रडले. एका बाईनं मला पाणी आणून दिलं, माठातलं, आणि देताना म्हणाली, "हिरीचं हाय."

मग मी उठले, म्हटलं, रंग पाहिजे. लाल. माझ्याकडं नव्हता. कार्यालयातून काढायचा तर मागणीपत्र, मंजुरी, तीन आठवडे. सायत्राबाई घरात गेली आणि एक चेपलेला डबा घेऊन आली. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावतात तो ऑइलपेंट, महिन्यापूर्वीचा उरलेला, वर साय धरलेला. तिनं काडीनं साय काढली, ब्रश नव्हता म्हणून काठीला फडकं बांधलं आणि तेही माझ्या हातात दिलं नाही. स्वतःच रंगवायला लागली. दांडा, खांब, तोटी, झेंडूची माळसुद्धा. मग नळकांड्यावरच्या बोर्डवर ती आली. 'उज्ज्वल उद्यासाठी' असं लिहिलं होतं त्यावरून तिनं दोनदा फडकं फिरवलं.

पंधरा दिवसांत मला नोटीस आली. प्रकल्पाच्या मालमत्तेचं विद्रूपीकरण, विनापरवाना सुटे भाग उघडणं, शासनाच्या उपक्रमाबद्दल जनतेत गैरसमज पसरवणं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणाले असते, पण मी संन्यासी नव्हते.

नंदनवार साहेबांनी मला बसवून घेतलं. "बाई, दोन ओळींत खुलासा द्या. देखभाल करताना अनवधानानं रंग लागला, म्हणा. मी मिटवतो."

"आणि ते अकरा महिने?"

"अकरा महिन्यांत काय होतंय? कोण मेलंय का तिथं?"

मी चार पानी खुलासा दिला. प्रतिकृती रिकामी होती, टाकीत बाटलीचं पाणी होतं, ते मला माहीत होतं, आणि तरी मी स्वतःच्या हातानं एका लेकराला पाजून गावाची फसवणूक केली, असं लिहिलं. हापसा निळा ठेवल्यानं साडेपाच फ्लोराइडचं पाणी अकरा महिने गाव प्यालं आणि आपल्या अहवालात पान एकशे बारावर त्याला यश म्हटलं आहे, असंही लिहिलं. माझी वेतनवाढ थांबली. खुलासा फाइलला लागला. अहवालावर नंतर नागपुरात एक परिषद भरली, आणि तिचाही अहवाल निघाला. इलेक्ट्रोड मी निवृत्त होईपर्यंत आला नाही.

एक मात्र झालं. सावरडोहनं पुन्हा त्या हापशाचं पाणी तोंडाला लावलं नाही. पुढं नाल्यापलीकडच्या विहिरीवरून नळ आला, तोही ग्रामपंचायतीनं आणला, तेव्हा कुठं बायकांची पायपीट थांबली. दर पोळ्याला सायत्राबाई आधी बैलाची शिंगं रंगवते आणि उरलेल्या रंगात हापसा.

गेल्या महिन्यात दुपारी दाराची कडी वाजली. बाहेर एक मुलगी उभी होती, सडपातळ, खांद्याला कॉलेजची बॅग, ओढणीचं टोक हातात धरलेलं.

"गेडाम मॅडम ना? मी आचल. सावरडोहची. आजीनं पत्ता दिला."

मी तिला आत घेतलं. बी.एस्सी.ला आहे, पहिल्या वर्षाला, रसायनशास्त्र घ्यायचंय म्हणाली. बोलताना ओठ फार उघडत नव्हती. चहा झाला तरी मूळ कामाचं बोलेना. शेवटी मीच विचारलं.

"मॅडम, माझा लहानपणचा एकही फोटो नाहीये घरी. बाबांकडं तेव्हा मोबाइल नव्हता. आजी म्हणते एका सरकारी पुस्तकावर माझा फोटो आहे, तो तुमच्याकडं असेल."

मी कपाट उघडलं. तळाच्या कप्प्यातून ते धूड काढलं, पुसलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. ती बघत राहिली. काजळाची तीट, काळे मणी, दोन्ही हातांत ग्लास.

"किती गोड होते ना मी," ती म्हणाली आणि खुदकन हसली.

तेव्हा मला तिचे दात दिसले. वरचे पुढचे चार. हिरडीपाशी पांढरे, टोकाला पांढरे, आणि मधून आडवा तपकिरी पट्टा, चारही दातांवर एकाच उंचीवर. दात हिरडीत घडत असताना जे पाणी पोटात जातं ते त्यात उतरतं. पाणी बदललं की त्यानंतर घडणारा भाग चांगला येतो. तो पट्टा अकरा महिन्यांचा होता. फाइलीतला माझा खुलासा सोडला तर सबंध जिल्ह्यात ते अकरा महिने आणखी कुठं नोंदलेले नाहीत.

मी बघतेय हे तिला कळलं. तिनं हसू आवरलं आणि हात तोंडावर नेला. किती सवयीनं नेला.

"आजीनं तुला सगळं सांगितलंय?" मी विचारलं.

"हो. रागानं सांगते ती. पण दरवेळी शेवटी म्हणते, त्या बाईनं कागदावर खरं लिहून दिलं." तिनं फोटोतल्या ग्लासावर बोट ठेवलं. "मॅडम, या ग्लासातलं पाणी मात्र चांगलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं. "बाटलीचं होतं."

तिनं मान हलवली. मी कात्री आणली, मुखपृष्ठ कापलं आणि तिला दिलं. खालच्या कडेला माझा हात येत होता, तो कापून टाकायचा का असं विचारलं. ती नको म्हणाली, फोटो वहीत ठेवला आणि चारच्या एसटीला निघाली.